रांगेतली शेवटची

१

वर्गात पाठ खाजली की मी लाकडी फूटपट्टी मानेमागून ब्लाउजात घालते आणि मनसोक्त खाजवते. एटापल्लीच्या आमच्या शाळेतल्या पोरी त्यावर खिदळतात. खिदळोत बापड्या. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला पाठ नसते असं कुठं लिहिलंय? दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथं आपला कोणताच हात धड पोचत नाही, नेमकी तिथंच खाज सुटायची. उकाड्यानं असेल म्हणून मी पावडर मारत राहिले.

मग एका सकाळी केस वर बांधत होते, तर माझी लेक दिव्यानी मागून म्हणाली, "आई, तुह्या पाठीवर हे काय झालं? वखर फिरवल्यासारखं दिसून राह्यलं."

तिनं आपल्या वाकड्या करंगळीनं त्या जागेवरून रेघ ओढून दाखवली. लहानपणी सायकलवरून पडली होती, तेव्हा प्लास्टर चुकीचं बसलं आणि करंगळी कायमची आत वळली. मोबाइलवर फोटो काढून माझ्यापुढे धरला. काळपट तपकिरी डाग, हाताच्या पंजाएवढा, आणि त्यात बारीक बारीक लहरी. नदीचं पाणी ओसरल्यावर वाळूवर उमटतात तशा.

दहावीची परीक्षा देऊन पोरगी मोकळीच होती. तिला घेऊन चंद्रपूर गाठलं. लोहखनिजाच्या ट्रकांमागून लाल धूळ खात एसटीनं जायचं म्हणजे अर्धा जीव तिथंच जातो. कातडीच्या डॉक्टर नंदिनी, वयानं लहान, बोलायला भराभर. पाठीचा एवढासा तुकडा काढून घेतला आणि पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला मी एकटीच गेले.

"घाबरू नका मॅडम, जिवाला काही नाही," त्या म्हणाल्या. "याला अमायलॉइड म्हणतात. आपल्याच कातडीतलं प्रोटीन असतं. त्याची घडी चुकीची पडली की ते विरघळत नाही, तिथंच साठत जातं."

पडद्यावर माझ्या कातडीचा फोटो दाखवला. लाल रंग देऊन खास उजेडात पाहिलं की तो साठा हिरवा चमकतो म्हणे. खरंच चमकत होता, कोवळ्या हरभऱ्यासारखा पोपटी. मला तर बरंच वाटलं. आजाराला नाव आहे, रंग आहे, म्हणजे अर्धी काळजी मिटली.

"घरात कुणाला होतं का?"

"आईला होतं. तिच्या पाठीवर असंच होतं."

"मग थोडं आनुवंशिक असेल. पण मुख्य कारण घासणं. वर्षानुवर्षं एकाच जागी. तुम्ही पाठ कशानं घासता?"

"घासतच नाही. साबण लावते, पाणी ओतते, झालं. तिथं हात कुठं पोचतो?"

"मग घासून कोण देतं?"

"कोणी नाही. घरात मी आणि माझी पोरगी. ती कशाला माझी पाठ घासते? स्वतःचं ताट उचलत नाही."

डॉक्टर हसल्या नाहीत. पडद्यावरचा फोटो मोठा करून बघत राहिल्या. "ओरखडे ताजे आहेत, मॅडम. सगळे वरून खाली. रोज कुणीतरी जोर लावून घासतंय."

मग मला फूटपट्टी आठवली. मी लाजत लाजत सांगितलं, तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "बघा, सापडलं! ती आधी फेकून द्या." मलम लिहून दिलं. मीही हसले आणि गोलबाजारात जाऊन दिव्यानीसाठी ड्रेस घेऊन आले.

२

आता आईच्या पाठीचं सांगते.

माझं माहेर चिमूरजवळ, उमा नदीच्या काठी. आमच्या वस्तीतल्या बाया सणावाराला, लग्नाकार्याच्या आदल्या दिवशी नदीवर जाऊन न्हायच्या. गुडघाभर पाण्यात एकीमागं एक अशी रांग करून बसायच्या. प्रत्येकीच्या हातात कवेलूचा, म्हणजे घरावरच्या कौलाचा, घासून घासून गुळगुळीत झालेला तुकडा. प्रत्येकीनं पुढचीची पाठ घासायची. मागं वळून बघायचं नाही, फक्त म्हणायचं, "घास वं." सगळ्यात मागच्या बाईच्या पाठीशी कोणीच नसायचं. मग कोणीतरी ओरडायचं, "पलटा वं!" की सगळी रांग जागच्या जागी तोंड फिरवायची. जी शेवटी होती ती पहिली व्हायची, जी पुढं होती ती मागं यायची, आणि जिनं तुमची पाठ घासली तिची तुम्ही घासायची. पलटल्याशिवाय कोणी पाण्यातून उठायचं नाही. कोणाची पाठ कोरडी ठेवायची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आमची आई, भागीरथाबाई, नेहमी सगळ्यात शेवटी बसायची. तिच्या पुढं मी. हात असा की कवेलू पाठीवर टेकलं तरी डोळ्यांत पाणी. तिच्या लहानपणी शाळेत तिला दारापाशी वेगळं बसवायचे, ती घाण असते म्हणून. तिला वाटायचं, आपली पोरगी लख्ख दिसली की कोणी तोंड वर करून बोलणार नाही. म्हणून घरीही रोज सकाळी घासायची. मी वळवळले की एका हातानं माझा खांदा धरायची आणि म्हणायची, "हालू नको. अजून थोडंसं हाय."

ते थोडंसं कधी संपायचं नाही. मला तिचा रागही यायचा आणि तिच्यासारखं मायेनं हात लावणारंही दुसरं कोणी नव्हतं.

रांग पलटली की तिची पाठ माझ्यापुढं यायची. त्या पाठीवर त्याच लहरी होत्या, काळ्याशार. मी लहानपणी त्यावर बोट फिरवत बसायची आणि ती ओरडायची, "खेळ काऊन करून राह्यली? घास."

मागच्या दिवाळीनंतर ती गेली. आमच्यात बायाही स्मशानात जातात. तिथून सगळ्या तशाच नदीवर गेलो आणि न कोणी सांगता रांग करून बसलो. माझ्यापुढं दिव्यानी होती, तिच्यापुढं माझी भावजय रंजीता, तिच्यापुढं मावश्या-काकवा. मी दिव्यानीची पाठ घासत होते आणि हुंदके देत होते. मागून कोणीतरी माझी घासत होतं. चांगलं जोरानं, वरून खाली. इतकं बरं वाटत होतं की मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात काठावरून माझा भाऊ प्रफुल ओरडला, गाडीवाला निघून राह्यला म्हणून. आम्ही तशाच ओल्या उठलो आणि पळालो.

३

फूटपट्टी मी कपाटावर टाकून दिली. सुती पोलकी शिवली. मलम दिव्यानीकडून लावून घेत होते. तरी आंघोळ करून आले की पाठ भगभगायची.

आमच्या क्वार्टरची न्हाणी मागच्या अंगणात आहे. वर पत्रा, तीन बाजूंनी सिमेंटच्या भिंती, चौथीला पत्र्याचं दार. आत एक ड्रम, बादली, बसायचा पाट. पाणी मोरीतून पपईच्या झाडाला जातं. झरोक्यातून सकाळचा उन्हाचा पट्टा थेट समोरच्या भिंतीवर पडतो. यात भिण्यासारखं काही नाही. मी तिथं बसून कितीतरी वर्षं रोज न्हाते आहे.

पण हल्ली माझा वेळ हरवत होता. दोन तांबे पाणी अंगावर घ्यायचे, आणि पुढं शुद्ध यायची तेव्हा उन्हाचा पट्टा भिंतीवरून खाली फरशीवर आलेला असायचा. हाताची बोटं भिजून सुरकुतलेली. स्वयंपाकघरातही तेच. तव्यावर पोळी टाकायची, आणि भानावर यायचं ते करपल्याच्या वासानं. दिव्यानी म्हणायची, "आई, तू झोपून राहते का उभ्या उभ्या?" मी म्हटलं, वय झालं. पाळी जायच्या वयात बायांचं असं होतं. शाळेतल्या दोघी-तिघींचंही होतं.

मोरीच्या तोंडाशी लाल गाळ बसायला लागला. तोही काही विशेष नाही. एटापल्लीत खनिजाची लाल धूळ कुठं नसते? भाजीत असते, वह्यांवर असते. माझ्या नखांतही होती.

शेजारी सोमारी राहते. माडिया बाई, शाळेत खिचडी शिजवते. एकदा कुंपणावरून मला विचारते, "म्याडम, पाहुणी आली का तुमच्याकडं?"

"नाही गं. काऊन?"

"सकाळी न्हाणीत घासायचा आवाज येते. खर्रर्र, खर्रर्र. लई येळ."

"मीच असेन की."

"तुम्ही तर रडून राहता," ती म्हणाली. "घासते ती दुसरी."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, पत्र्याला आपटून आवाज दुप्पट होतो, हे आठवीच्या पुस्तकात आहे. तिनं मान हलवली आणि कांद्याची पात निवडत बसली. घरात येऊन मी माझ्यावरच चिडले. आमच्या घरातून देव आणि भुतं छप्पन्न सालीच बाहेर पडली. आज्यानं स्वतःच्या हातानं देव्हारा उचलून नदीत सोडला होता. त्याची नात मी, पोरींना प्रयोग करून खातरजमा करायला शिकवते. मग कर ना स्वतः.

केला. दिव्यानीला म्हटलं, तक्त्यांवर लिहायच्या पक्क्या मार्करनं माझ्या पाठीवर आडवी जाड रेघ ओढ, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. रेघ ओढून घेतली, न्हाणीत गेले, नुसतं पाणी अंगावर घेतलं. साबण नाही, टॉवेल नाही. हात दोन्ही मांड्यांवर ठेवून, डोळे उघडे ठेवून, भिंतीवरच्या उन्हाकडे बघत बसले. वेळ हरवू द्यायचा नाही, असं घोकत राहिले.

ऊन फरशीवर आलेलं होतं.

ओल्या अंगानं बाहेर आले, लुगडं गुंडाळून पाठ दिव्यानीपुढं केली.

"सांग ना."

"काठ काठ हाय, आई. मधलं सगळं गेलं. साल निंगाली हाय तिथली."

४

त्या दिवशी मी शाळेत काय शिकवलं मला आठवत नाही. घरी आले तर दिव्यानी अंगणात वाकून आंब्याच्या फोडी वाळत घालत होती. कुर्त्याचा गळा मागून सैल होता. आत काहीतरी दिसलं म्हणून मी जवळ गेले आणि कुर्ता खाली ओढला.

पाठीच्या मधोमध, फिकट, अजून पुरत्या न उमटलेल्या, त्याच लहरी.

मी पाटावर बसले. "हे कधीपासून गं?"

"मले काय दिसते पाठीमागचं?"

"खाजतं का? कशानं घासते तू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत भीती नव्हती, कीव होती. आजारी माणसाकडे बघतात तशी.

"मी कुठी घासते? तूच घासून देते ना रोज."

"मी?"

"मी न्हायला बसली की येते तू. काही बोलत नाई. घासते अन् चालली जाते. मले दुखते, म्हटलंही होतं तुले, पण तू ऐकते कुठी? आजी गेल्यापासून तू अशीच करून राह्यली. मी म्हटलं, जाऊ दे. आईले बरं वाटत असन."

तव्यावर पोळी करपायची ती तेव्हाच. दिव्यानी न्हायला बसलेली असायची तेव्हा. मी माझी नखं बघितली. लाल होती. दुसऱ्या हाताच्या नखानं कोरून ती माती मी बोटावर चोळली. खनिजाची धूळ काळपट लाल असते, हाताला तेलकट लागते. ही भाजलेल्या मातीची होती, कवेलूची. आणि आमच्या क्वार्टरला पत्रे आहेत, घरात कवेलूचा एक तुकडा नाही.

मला भीती नव्हती वाटली तोवर. चिडचिड होती, कोड्यासारखं वाटत होतं. आता वाटली. मी ज्या हातांनी या पोरीला न्हाऊ-माखू घातलं, त्याच हातांनी तिची कातडी सोलत होते आणि मला पत्ता नव्हता. आणि ती बिचारी माझं दुःख म्हणून सोसत होती.

"कपडे भर," मी म्हटलं. "उद्या मामाकडे जायचं."

"पण निकाल..."

"मोबाइलवर लागतो निकाल. भर कपडे."

त्या दिवशी ती न्हायली नाही. मीही नाही.

५

प्रफुल आणि रंजीता चंद्रपुरात तुकूमला राहतात. अकरावीचा क्लास लावायचा आहे, आधीपासून राहू दे, असं मी सांगितलं. दिव्यानीनं माझं बिंग फोडलं नाही. कूलरपुढं पाय पसरून तिनं लगेच टीव्ही लावला, तेव्हा माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. इथं आपल्यापासून ती लांब आहे. पक्का रस्ता, दिवसभर ऑटोंची वर्दळ, घरात माणसं. इथं तिला काही होणार नाही.

रंजीता स्वयंपाकघरात वांगी चिरत होती. मी तिच्याजवळ बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई गेली त्या दिवशी नदीवर न्हायलो ना आपण, तेव्हा माझ्यामागं कोण होतं गं?"

"तुमच्या मागं?" तिनं वर बघितलं. "कोणीच नाई, ताई. तुम्हीच शेवटच्या होत्या."

"असं कसं? माझी पाठ घासत होतं कोणीतरी."

"नाई वं ताई." तिचा आवाज हळू झाला. विळी तिनं बाजूला सरकवली. "तुम्ही आपल्या रोजच्या जागी बसल्या. मागं आईची जागा मोकळी सोडली. काकू म्हनत होती, सरक म्हना तिले मागं, शेवटी रिकामी जागा कायले ठेवते? पण कोनाची हिंमत नाई झाली. मंग तुम्ही म्हटलं, 'घास माय.' मागं न पाहता, जशा नेहमी म्हनत होत्या तशा. आम्हा सगळ्याइले रडू आलं. तुम्हाले याद नाई?"

याद होती. आता होती. शब्द तोंडातून निघाल्याचं, आणि लगेच पाठीवर कवेलू टेकल्याचं.

"मग रांग पलटली का?"

"कुठची पलटते? गाडीचा गोंधळ. उठलो अन् पळालो. एका बाईची पाठ कोरडी राह्यली म्हनून काकू अजून कुरकुर करते." रंजीतानं माझा हात धरला. "ताई, तुम्ही दोन-चार दिवस इथीच राहा ना. तब्येत उतरली तुमची."

मी नाही म्हटलं. दिव्यानी होती ना तिथं. तिच्याजवळ आता मीच नको होते.

६

एटापल्लीला परतताना बसमध्ये मी स्वतःशी रीतसर वाद घातला. मन अर्धवट राहिलेलं काम सोडत नाही, हे मानसशास्त्रात आहे. आई गेली, रडणं अर्धं राहिलं, नदीवरचं न्हाणं अर्धं राहिलं. म्हणून हे मन रोज तेच करतं, माझ्याकडून करवून घेतं. हात माझेच. कवेलूचा तुकडा मीच कुठून तरी आणत असेन आणि लपवत असेन. असं लोकांना होतं. मग उपाय सोपा आहे. अर्धं राहिलं ते पुरं करायचं. रांग पलटायची, आईची पाठ घासायची, आणि मोकळं व्हायचं. मनाची समजूत घालायची, दुसरं काय.

असं मी ठरवलं खरं. पण बस आलापल्लीच्या जंगलात शिरली तेव्हा मला कळत होतं, की मी समजूत घालते आहे ती मनाची नाही.

सोमारीच्या घरावरची जुनी कवेलू उतरवून मागं ढीग लावला होता. त्यातला एक तुकडा मी मागितला. तिनं तो देताना माझ्या पाठीमागं बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. "पोरगी कुठी हाय?"

"चंद्रपूरला."

"मग ठीक," ती म्हणाली आणि आत गेली.

सुट्ट्या लागल्या होत्या. क्वार्टरांची ओळ सुनसान पडली होती. मे महिन्याचं दुपारचं ऊन असं की पाखरूही हलत नव्हतं. न्हाणीत जायच्या आधी मी दिव्यानीला फोन लावला.

"जेवली का?"

"हो. आंब्याचा रस होता. आता झोपून राह्यली मी, आई. मामीनं कूलरपुढं गादी टाकून देल्ली."

"पाठ कशी आहे?"

"काहीच नाई. तू घासली नाई तर कशी दुखन?" ती हसली. "तू ठीक हायेस ना?"

"एकदम ठीक. झोप तू."

फोन मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. न्हाणीचं दार आतून लावलं. पाटावर समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले. तुकडा मांडीवर होता. ड्रममधलं पाणी कोमट झालेलं. दोन तांबे अंगावर घेतले आणि म्हटलं, "घास माय."

वाट बघावी लागली नाही. खांद्यावर एक ओला हात आला आणि घट्ट धरून बसला. मग कवेलू. वरून खाली, वरून खाली. खर्रर्र, खर्रर्र. हा आवाज माझ्या न्हाणीत रोज व्हायचा आणि मी आज पहिल्यांदा ऐकत होते. पाठीची आग डोक्यापर्यंत गेली. मी वळवळले.

"हालू नको. अजून थोडंसं हाय."

मला रडू फुटलं. भीती कुठल्या कुठं गेली, खरं सांगते. किती महिन्यांनी तिचा आवाज ऐकला मी. पण दिव्यानीची पाठ डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी मांडीवरचा तुकडा उचलला, डोळे पुसले आणि लहानपणी ओरडायची तसं मोठ्यानं म्हटलं,

"पलटा वं!"

आणि पाटावर बसल्या बसल्या मागं वळले.

७

मागं पत्र्याचं दार असायला हवं होतं.

एक पाठ होती. माझ्याकडे वळवलेली, ओली, वाट बघत असलेली. तिच्यावर काळ्याशार लहरी होत्या, मी बोट फिरवायची त्या. डोकं पुढं झुकलेलं, तोंड दिसत नव्हतं. तिच्यापुढं आणखी एक पाठ होती, म्हातारी, बारकी. तिच्यापुढं आणखी. तिथून पुढं मी बघितलं नाही. पायाखाली फरशी लागत नव्हती, वाळू लागत होती. कोणीही मागं वळून पाहत नव्हतं.

मी घासायला लागले. वरून खाली, तिनं शिकवलं तसं. कवेलूखालची कातडी थंड होती आणि राठ होती. "दुखतं का माय?" मी विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही, पण पाठ जराशी सैल सोडली. मी घासत राहिले आणि बोलत राहिले. दिव्यानीला सोड, म्हटलं. तुझी पाठ कोरडी राहिली होती, ती मी घासून देते. हवी तितकी घासते. पोरीचं काही देणं लागत नाही, तिला यात ओढू नको. मला इतकं हलकं वाटत होतं, की आई गेल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर श्वास घेतला. संपलं, म्हटलं. झालं पुरं.

तेव्हा माझ्या पाठीवर हात टेकला.

मागून. माझ्या मागं आता भिंतच असायला हवी. मला वाटलं भास असेल. मग दुसरा हात खांद्यावर आला. लहान होता, गरम होता, नुकत्याच झोपेतून उठल्यासारखा. चार बोटं खांद्यावर सरळ बसली आणि पाचवं, करंगळी, आत वळलेली, माझ्या गळ्याशी टोचली.

रांग पलटली की पुढची मागं येते. पाळण्यातल्या पोरीला कळतं आमच्याकडे. मी आयुष्यभर त्या रांगेत बसले, आणि माझ्यामागं कोण आहे याचाच विचार करत राहिले. त्या दिवशी माझ्यापुढं कोण बसलं होतं ते विसरून गेले.

ओट्यावर फोन वाजायला लागला. थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. रंजीता एवढ्या घाईनं कधी फोन करत नाही.

"दिव्यानी," मी म्हटलं. वळून बघायचं धाडस झालं नाही. "उठ बाई. ही जागा तुझी नाही. उठ, घरी जा."

कवेलू माझ्या पाठीवर टेकलं. तिच्या हाताला सवय नव्हती, सुरुवातीला जोर कमी पडत होता. मग जमायला लागलं.

"हालू नको, आई," माझी लेक म्हणाली. "अजून थोडंसं हाय."